बदल केलेली रिव्हॉल्वर सरसकट निम्म्या किमतीची नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वारशात आलेल्या जुन्या वस्तूंची किंमत कशी ठरवावी, हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. घड्याळं आणि कॅमेऱ्यांबद्दलचा भाग पटला. शस्त्रांवर मात्र त्यात एकच वाक्य आहे: मूळ स्थितीत असेल तर पूर्ण किंमत, बदल केलेले असतील तर निम्मी. हेच वाक्य मला एका मूल्यांकनकारानं तोंडावर ऐकवलं होतं, म्हणून हे पत्र.

माझे बाबा नेमबाज होते. त्यांच्या पश्चात कायदेशीर सोपस्कार होऊन त्यांची स्पर्धेची रिव्हॉल्वर माझ्याकडे आली. स्मिथ अँड वेसनची के-३८ मास्टरपीस, .३८ स्पेशल गोळीची, सहा इंची बॅरल, म्हणजे नळी. बाबा डावखुरे. त्यांनी अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप, म्हणजे मूठ, स्वतःच्या पंजाच्या मापानं कोरून घेतली होती, अंगठा टेकवायची खोबण उजव्या अंगाला. ट्रिगर हलका करून घेतला होता. ट्रिगर दाबताच गोळीवर आदळणाऱ्या हॅमरचं टोक रुंद करून घेतलं होतं, कारण त्या स्पर्धांतल्या जलद फेरीत दहा सेकंदांत पाच गोळ्या एका हातानं मारायच्या, आणि प्रत्येक वेळी त्याच हाताच्या अंगठ्यानं हॅमर मागे ओढायचा. वरच्या पट्टीवर दोन भोकं पाडून नेम धरायची नवी साइट बसवली होती.

मूल्यांकनकारानं गोळ्या भरायचा फिरता सिलिंडर बाहेर काढला, आत डोकावला आणि मनगटाच्या झटक्यानं खाडकन बंद केला. माझ्या पोटात गोळा आला. ज्या बिजागरीवर सिलिंडर बाहेर येतो ती असल्या झटक्यांनी वाकते, हे बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. पाच मिनिटांत निकाल लागला: "भोकं पाडलीत, सुट्या भागांचेच पैसे येतील. पॉलिश मारून नवं ब्लूइंग करून आणा, मग थोडं वाढवता येईल."

मी ते केलं नाही, आणि वाचकांनीही करू नये. ब्लूइंग म्हणजे पोलादावर दिलेला निळसर-काळा थर. पॉलिशच्या चाकावर कडा गोल होतात, बॅरलवरची अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. जाणकाराला ते क्षणात दिसतं. झिजलेलं पण मूळचं ब्लूइंग बहुतेक वेळा चकचकीत नव्यापेक्षा जास्त मोल आणतं.

मग बाबांबरोबर स्पर्धांना जाणारे एक काका आले. दोन तास बसले. आधी सिलिंडर रिकामा असल्याची दोनदा खात्री केली, मग हॅमर अगदी सावकाश मागे ओढत सिलिंडरमधले गोळ्यांचे सहाही खाने तपासले. हॅमर मागे अडकण्याआधी प्रत्येक खाना बॅरलसमोर जागेवर घट्ट बसायला हवा. पाच खाने बसले, एक किंचित उशिरा बसला. "हे किमतीतून वजा," काका म्हणाले. सिलिंडर आणि बॅरलमधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी घातली, इंचाचे सहा हजारांश भरले. ते ठीक. शेवटी हॅमर ताणून, ट्रिगरला बोट न लावता, मागून अंगठ्यानं दाबून पाहिला. ट्रिगर हलका करताना हॅमर अडकवून धरणारी धार कुणी जास्त घासली असेल तर हॅमर इथेच निसटतो, आणि ते धोक्याचं. आमचा निसटला नाही.

मग नंबर. मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या बाजूला आणि बॅरलच्या खालच्या अंगाला एकच नंबर निघाला, म्हणजे मुख्य भाग मूळचे. १९५७ मध्ये कंपनीनं मॉडेलना क्रमांक दिले आणि के-३८ ची 'मॉडेल १४' झाली. आमच्या रिव्हॉल्वरच्या चौकटीवर तसा शिक्का नाही, म्हणजे ती त्याआधीची. शिवाय स्क्रू पाच आहेत: बाजूच्या झाकणाला चार, ट्रिगर गार्डच्या पुढे एक. संग्राहक हे मुद्दाम विचारतात.

आता बदलांची गोष्ट. ग्रिप आणि हॅमर परत बदलता येतात. बाबांनी काढलेले मूळ भाग एका पत्र्याच्या डब्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते आणि मूळ ग्रिपच्या आतल्या बाजूला तोच नंबर आहे. त्यामुळे या दोन बदलांचा तोटा जवळजवळ शून्य. पट्टीवरची भोकं मात्र कायमची. मूळ नमुना शोधणारा संग्राहक तिथे थांबणार, हे मी मान्य करते. पण असाच बदल सॅन फ्रान्सिस्कोच्या किंग गन साइट कंपनीसारख्या नावाजलेल्या कारागिरांचा असेल आणि तसा शिक्का असेल, तर त्याच भोकांसाठी लोक वर पैसे मोजतात! आमच्या कामावर शिक्का नाही. बाबांची स्कोअरची वही आहे, तिच्यात कोणत्या तारखेला काय करून घेतलं आणि पुढच्या स्पर्धेत किती गुण पडले ते लिहिलेलं आहे. या वहीनं किंमत दुप्पट होणार नाही, पण काम कसं आणि कशासाठी झालं ते तिच्यातून कळतं. रिव्हॉल्वर कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती, हे नंबरावरून कळवणारं पत्र स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन शुल्क घेऊन देतं. तेही मी मागवलं आहे.

काकांनी किंमत काढली ती अशी: याच मॉडेलची, याच काळातली, चांगली चालणारी पण संग्राह्य नसलेली रिव्हॉल्वर प्रत्यक्षात कितीला विकली गेली तो आकडा पाया धरला, विक्रेते जाहिरातीत मागतात तो नव्हे. त्यातून उशिरा बसणाऱ्या खान्याच्या दुरुस्तीचा खर्च वजा केला, मूळ भागांच्या डब्याचे पैसे मिळवले. बाबांनी कारागिराला दिलेली रक्कम कुठेच धरली नाही. ती परत येत नसते. डावखुरी ग्रिप तर वेगळीच ठेवायला सांगितली, कारण ती घेणारा डावखुरा नेमबाजच हवा. तरीही येणारा आकडा सुट्या भागांच्या भावाच्या पुष्कळ वर होता.

आपल्या पुढच्या अंकात दोन दुरुस्त्या छापाव्यात ही विनंती: मूल्यांकनाआधी पॉलिश करू नये, आणि घरातल्या जुन्या डब्यांतले स्क्रू, लाकडाचे तुकडे, पावत्या फेकू नयेत. आमच्या आईनं तो पत्र्याचा डबा एकदा भंगारात काढला होता. बाबांनी तो संध्याकाळी परत आणला.

आपली,
एक नियमित वाचक