गोशाळेतल्या जनावरांना बघायला कोण येणार?

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

मी सांगोला तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. तीन वर्षांपूर्वी वैरण संपली तेव्हा माझा खिल्लार बैल पाखऱ्या एका गोशाळेत नेऊन सोडला. बारा वर्षं त्यानं माझं औत ओढलं होतं. पावती घेतली, दावं हातात गुंडाळलं आणि मागं न बघता टेंपोत बसलो.

यंदा बेंदराला पोळी घेऊन त्याला भेटायला गेलो. हाकेला मान वळवली, पण उठला नाही. पुढची खुरं वाढून टोकाला वर वळली होती. मांड्यांवर शेणाच्या खपल्या, शेपटीच्या बुडाला गोचिडांचे घोस. हौदातल्या पाण्यावर शेवाळ, गव्हाणीत उसाचं वाळलं पाचट. दोनशेच्या आसपास जनावरं आणि गडी दोन. त्या गड्यांना मी काय बोलणार? पहाटेपासून ते शेणच ओढत होते.

2015 पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. थकलेलं जनावर शेतकऱ्याला पोसवत नाही, म्हणून ते गोशाळेत जातं. 2024 मध्ये सरकारनं देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गोशाळांना दर देशी गायीमागं दिवसाला 50 रुपये द्यायचं ठरवलं. निर्णय चांगलाच आहे. पण मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा-वीस किलो ओला चारा, पाच-सहा किलो कडबा आणि उन्हाळ्यात पन्नासेक लिटर पाणी लागतं. एवढ्या पैशांत ते भागत नाही. संकरित गायीला तर या योजनेत जागाच नाही, भूक मात्र तिलाही तेवढीच लागते.

माझं म्हणणं पैशापुरतं नाही. अनुदान जनावरं मोजून मिळतं, मग जनावर कोणत्या हालतीत आहे हे कोण बघतं? पुरेसा चारा, पाणी, निवारा न देणं हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं क्रौर्य ठरवलंय. तो कायदा गोशाळेच्या फाटकाच्या आतही लागू आहे ना?

पाणी, छप्पर आणि वैरण बघून प्रत्येक गोशाळेत किती जनावरं मावतात ते ठरवा; त्यावर एकही घ्यायला लावू नका. कानातल्या बिल्ल्याच्या बारा आकडी नंबरावर लसीकरणाची नोंद होतेच. तिथंच दर महिन्याला पशुवैद्यकानं अंगावरचं मांस किती, खुरं कशी, हे लिहावं. जनावर मेलं तर तारीख आणि कारण नोंदवावं, शवविच्छेदन व्हावं. पोटातून किती प्लास्टिक निघालं तेही गावाला कळू दे. आणि आजारी जनावराला वेगळा गोठा हवाच. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा एकाच दावणीला बांधलेल्यांचं काय झालं, ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

पाखऱ्याला मी परत आणलंय. खुरं तासून घेतली, आता चार पावलं चालतो. त्याच्या शेजारी बांधलेली संकरित गाय मात्र तिथंच आहे. तिच्या पुढच्या गुडघ्याला जखम आहे आणि त्यावर माश्या बसतात. तिला बघायला कुणाला तरी पाठवा.

आपला,
एक शेतकरी