25 मिलिग्रॅमवाल्यांना

नमस्कार,

तुमची नावं मला ठाऊक नाहीत, आता कळायचीही नाहीत. 1998च्या जूनपासून पोर्टलंड, लॉस एंजेलिस आणि ह्यूस्टनमध्ये एसटीआय-571 या नव्या औषधाच्या चाचणीत ते ज्यांनी सगळ्यात आधी पोटात घेतलं, ते तुम्ही.

मला सीएमएल, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग, निघाला तेव्हा पांढऱ्या पेशी 1,80,000 होत्या आणि पांथरी बरगडीखाली हाताला लागत होती. डॉक्टरांनी 400 मिलिग्रॅमची इमॅटिनिब लिहून दिली; एसटीआय-571चंच हे पुढचं नाव. "रोज एक, जेवणावर, पेलाभर पाण्याबरोबर." मी विचारलं, "आणि केमो कधी सुरू करायची?" म्हणाले, "हीच ट्रीटमेंट."

हा 400चा आकडा आला कुठून, ते मी फार नंतर वाचलं. त्या चाचणीत तुमच्यासकट 83 जण होते. तोवरच्या उपचाराची, इंटरफेरॉनची, इंजेक्शनं कुणाला लागू पडली नव्हती, कुणाला सोसली नव्हती. डोस 25पासून 1000पर्यंत चढवत नेला. 300 किंवा जास्त घेणाऱ्या 54 जणांपैकी 53 जणांचं रक्त ताळ्यावर आलं, बहुतेकांचं चार आठवड्यांत. मे 2001मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, चाचणीचे प्रमुख डॉ. ब्रायन ड्रकर यांचं नाव झालं. व्हायलाच हवं होतं.

पण 25वाल्यांचं काय? पहिल्या फेरीत डोस मुद्दाम कमी ठेवतात. औषध माणसाला सोसतं का, एवढंच बघायचं असतं; गुण येईल असं वचन कुणी देत नाही. तरी तुम्ही सही केलीत. तुम्हाला 25 सोसलं म्हणून पुढच्याला 50 देता आलं. तिथून कुठेतरी वर माझे 400 आहेत. (इथे ही गोळी मला परवडते, त्यात या औषधाला पेटंट नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या निकालाचाही वाटा आहे. ते आभार वेगळ्या पत्रात.)

सकाळी उठलो की डोळे सुजलेले असतात. बायको अजून विचारते, "रात्री रडलात की काय?" रात्री पोटरीत गोळे येतात. डॉक्टरांना सांगितलं तर मान वरही न करता म्हणतात, "होतं तसं." त्यांना ते पाठ आहे, कारण तुमच्या चाचणीतलं कुणीतरी पहिल्यांदा "पायात गोळे येतात हो" म्हणालं असणार आणि नर्सनं ते लिहून घेतलं असणार. माझ्या भीतीचे कितीतरी तास तुम्ही असे वाचवलेत.

परवा बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट आला; हा आजार चालवणारा बिघडलेला जनुक रक्तात किती उरलाय, ते त्यात कळतं. 0.04 टक्के. आता नऊ वाजलेत, आतून भाकरीचा वास येतोय. जेवतो आणि घेतो.

तुमचा,
400वाला