ठमीच्या वतीनं काकांना जाहीर पत्र

काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "ते असू दे, ठमीचं वजन किती भरलं?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

आधी बातमी. परवाच्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे माग काढण्याच्या स्पर्धेत, माझी बीगल कुत्री ठमी तेरा इंची गटात चौथी आली. वजन व्यवस्थित आहे, डाव्या कानाला बोरीसारख्या काट्यांनी ओरखडे काढलेत, बाकी ठीक. क्लबातले लोक तिला 'टॅमी' म्हणतात आणि ती त्यालाही शेपूट हलवते.

ज्यांना हा उद्योग माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण सांगलीहून आईचा फोन येतो तेव्हा तिला दर वेळी नव्यानं समजवावं लागतं. बीगल हा सशाचा माग काढणारा कुत्रा. अमेरिकेत त्याच्या पहिल्या फील्ड ट्रायल्स १८९० साली मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिसला झाल्या आणि अजून चालू आहेत. खांद्यापाशी तेरा इंचांपर्यंत उंचीची कुत्री एका गटात, तेरा ते पंधरा इंचांची दुसऱ्या. जोडीनं किंवा कळपानं सोडतात. परीक्षक बघतात ते कुत्रा माग किती नेमका धरतो हे. वास नसताना भुंकणं, सशाचा माग उलट्या दिशेनं काढणं, दुसऱ्या कुत्र्याची मेहनत चुकवून आडवाटेनं पुढं घुसणं, हे सगळे दोष. आणि हो आई, ससा मारत नाहीत. तो बहुतेक वेळा बिळात शिरतो आणि खेळ संपतो.

ठमी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात यातला एकही दोष नव्हता. तिला फक्त ससा नको होता, हरीण हवं होतं. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी हे सांगितलं नव्हतं. इथे पश्चिम पेनसिल्व्हेनियात पांढऱ्या शेपटीची हरणं घरामागच्या हिरवळीवर चरतात, त्यामुळे बीगलला हा नाद लागणं नवल नाही. हरणाच्या खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असते, पावलागणिक वास जमिनीवर राहतो. ससा थांबतो, बाजूला उडी मारतो, आल्या वाटेनं परत फिरतो, बुडखा धरून दबून बसतो. कुत्र्याला मिनिटामिनिटाला डोकं वापरावं लागतं. हरीण सरळ निघून जातं. मागे कुत्राही सरळ जातो, डोंगर ओलांडून, हमरस्ता ओलांडून. व्हर्जिनिया किंवा जॉर्जियाच्या काही भागांत हरणामागं कुत्री सोडून शिकार करायची कायदेशीर रीतच आहे. तिथे ठमीचं कौतुक झालं असतं. आमच्याकडे तो गुन्हा आणि ट्रायलमध्ये कुत्रा बाद.

तेव्हा ज्याला विचारावं तो म्हणे, विकून टाक. कुणी पिंपाची जुनी युक्ती सांगितली: हरणाच्या मागच्या पायाची ग्रंथी कापून आणायची, कुत्र्याला तिच्यासकट पिंपात कोंडायचं आणि पिंप गडगडत सोडायचं, म्हणजे त्या वासाची किळस बसते. तुम्ही ते ऐकून एवढंच म्हणालात, "त्या माणसालाच कोंडू आधी." आणि शनिवारी पहाटे बापूला घेऊन दारात उभे राहिलात.

काका, त्या बापूबद्दल मला जाहीर लिहायचंच आहे. तुमचा तो म्हातारा, पांढऱ्या तोंडाचा, चालताना कुरकुरणारा बीगल हरणाच्या वासावर तोंड उघडत नसे. कधीच नाही. ठमी भुंकत सुटली आणि बापू तुमच्या बुटाशी गप्प बसून राहिला की समजायचं, हरीण. बापू उठून तिला सामील झाला की ससा. मी ठमी कुठे पळते ते रेघेनं दाखवणाऱ्या हातातल्या जीपीएसच्या पडद्याकडे बघत असायचो आणि तुम्ही बापूच्या कानांकडे.

पडद्यावरची रेघ सरळ गेली म्हणजे हरीणच, असं मी धरून चाललो होतो, बहुतेक लोक तसंच धरतात. तुम्ही म्हणालात, फेब्रुवारीत नर ससे मादीच्या शोधात आपला परिसर सोडून लांब भटकतात आणि कुत्रा मागं लागला की घराकडे सरळ रेषेत पळतात. तेव्हा तिच्या गळ्यातल्या, झटका देणाऱ्या विजेच्या पट्ट्याचं बटण दाबलं तर कुत्रीला शिक्षा कशाची झाली? सशाची. मग ती सशालाही भिते. उलट कोल्हा मोठी वर्तुळं घेतो, त्याची रेघ पडद्यावर अगदी सशासारखी दिसते. म्हणून तुमचा कायदा: खूर दिसल्याशिवाय बटण नाही. बर्फ पडलं की आपण तिच्या मागं चालत जायचो आणि ठसे बघायचो. बर्फ नसेल तर ओढ्याकाठचा चिखल. तोही नसेल तर त्या दिवशी पट्टा माझ्या हातात न देता तुम्ही स्वतःच्या खिशात ठेवत होतात, आणि तिला नुसती पकडून आणायला मला पळवत होतात. तुमच्या वयात तुम्ही पळायला हवं होतं असं मी म्हणत नाही, पण थर्मासमधला चहा तोवर तुम्ही संपवायचात, हे नोंदवून ठेवतो.

विजेच्या पट्ट्याबद्दल इथे आणि आपल्या लोकांत दोन टोकाची मतं आहेत. मलाही तो आवडत नव्हता. तुम्ही आधी तो स्वतःच्या मनगटाला लावलात, मग माझ्या. नंतर अंगणात, बिनहरणाच्या जागी, 'ये' म्हटल्यावर येणं पक्कं केलंत: आधी आवाज, मग अगदी हलकी झिणझिण, आली की शाबासकी. रानात पहिल्यांदा खुरांचे ठसे डोळ्यांनी बघून बटण दाबलं तेव्हा तिला काय करायचं ते आधीच माहीत होतं. ती वळली, आली. आणि तुम्ही लगेच तिला काटेरी झुडपांच्या त्या पट्ट्यात नेलंत जिथे ससा हमखास निघतो. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच होतं. हरीण सोडल्यावर तिला रिकाम्या हातानं घरी आणलं नाही.

त्याआधी कितीतरी आठवडे तुम्ही हरणाचं नावही काढलं नव्हतं. कुंपण घातलेल्या सशांच्या आवारात तिला एकटीला सोडत होतात, कारण कळपात एक हरीणवेडा असला की बाकीचे त्याचे शिष्य होतात. मला ते वेळ घालवणं वाटायचं. पण तिला ससा आवडायलाच हवा होता; एक नाद सोडवायचा तर दुसरा आधी लागलेला बरा.

आता ट्रायलमधलं सांगतो. दुसऱ्या फेरीत ओकच्या रांगेजवळ कळप वासावरून चुकला, शांत झाला. तेवढ्यात शेजारच्या उतारावरून दोन हरणं उठली. दोन कुत्री तिकडे गेली आणि बाद झाली. ठमीनं मान वर केली, नाक फिरवलं, मी श्वास धरून. मग खाली डोकं घालून ती जिथे वास तुटला होता तिथेच लहान लहान फेऱ्या घेत राहिली आणि तिनंच तो पुन्हा सोडवला. ससा कुठे बसला होता? त्याच रांगेत, एका पडलेल्या ओंडक्याखाली. एक परीक्षक नंतर मला म्हणाला, या कुत्रीला धीर आहे. मी तुमचं नाव सांगितलं. तो तुम्हाला ओळखत होता. म्हणाला, बापूचा मालक ना?

आपल्या मंडळातल्या ज्या घरांत हौसेनं बीगल आणलेत आणि तो सुटून पळतो म्हणून सगळे वैतागलेत, त्यांनाही हे वाचायला पाठवतो आहे. विमानतळावर तुमच्या बॅगेतला आंबा शोधणारा हाच कुत्रा. १९८४ पासून लॉस एंजेलिसपासून सुरुवात करून तिथे कामाला आहे. त्या नाकाला घरात काम दिलं नाही तर ते स्वतः शोधतं.

एक काम आहे. क्लबातल्या एका तरुण मुलाचा कुत्रा हरणांवर चाललाय. त्याला मी जे येतं ते दाखवतो आहे, पण माझ्याकडे बापू नाही. म्हणून त्याला तुमचा नंबर दिला आहे. मुलगा पहाटे उठणारा आहे आणि आता ॲरिझोनात तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा दोन-तीन तास मागं. तेव्हा शुक्रवारी रात्री फोन बंद करून झोपा.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
ठमीचा मालक