चिंगीच्या डॉक्टर मॅडमना, मनापासून

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता आणि आमच्या डॅशहुंड कुत्रीचं, चिंगीचं, वजन विचारता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. पुण्यात डॅशहुंड पाळणारी घरं पुष्कळ आहेत. या जातीत दर चार-पाच कुत्र्यांमागे एकाला तरी कधी ना कधी मणक्यातल्या चकतीचा त्रास होतो, हे तुमच्याकडूनच कळलं. त्या घरांना या पत्राचा उपयोग व्हावा.

चिंगी त्या दिवशी पाठीची कमान करून थरथरत उभी होती आणि मागची पावलं उलटी पडत होती. ‘सुया लावणाऱ्या’, म्हणजे ॲक्युपंक्चर करणाऱ्या, जनावरांच्या डॉक्टर म्हणून कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. पण तुम्ही आल्या आल्या सुया काढल्या नाहीत. तिचं पाऊल उलटं ठेवून ती ते सरळ करते का बघितलंत, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलंत, आणि शेवटी मागच्या बोटाला चिमटा लावून जोरात दाबलंत. चिंगी मागे वळून किंचाळली. आमचा जीव गोळा झाला, तुमचा चेहरा मात्र खुलला. नुसता पाय मागे घेतला असता तर काही सिद्ध झालं नसतं, तिनं वळून बघितलं म्हणजे वेदना मेंदूपर्यंत पोचतेय, असं तुम्ही समजावलंत. मग म्हणालात, “उद्या ही जाणीव गेली तर माझ्याकडे वेळ घालवायचा नाही. सुया नाहीत, गोळ्या नाहीत, थेट शस्त्रक्रिया.” आणि आमच्यासमोरच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावून चिंगीची सगळी हकिगत त्यांच्या कानावर घातलीत.

मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास बसला तो त्या फोनमुळे. आपली विद्या कुठे थांबते हे तुम्ही उपचार सुरू करण्याआधीच सांगितलंत.

पुढचं सगळं सावकाश झालं. आखूड पाय आणि लांब पाठ ही या जातीची ओळख. पण ज्या जनुकामुळे पाय आखूड राहतात, त्याच्यामुळेच मणक्यांमधल्या चकत्या लहान वयात कोरड्या आणि कडक होतात आणि एक दिवस फुटून मज्जारज्जूवर दाब येतो. तुम्ही कागदावर मणके काढून दाखवलेत तेव्हा आमच्या मुलालाही ते कळलं. त्यामुळे चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, सोफ्यावर उडी नाही, जिना नाही, हे नियम त्यानंच सगळ्यात कडकपणे पाळले. वेदनेसाठी गॅबापेंटिन दिलंत. जोडीला सूज उतरवणारं औषध दिलंत आणि बजावलंत, की ते चालू असताना स्टेरॉइड कुणीही दिलं तरी घ्यायचं नाही, दोन्ही एकत्र गेली तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. मग सुया, आणि काही सुयांना अगदी सौम्य विजेचा प्रवाह. पहिल्यांदा चिंगी अंग चोरून बसली होती, नंतर त्याच सुया पाठीत असताना घोरायला लागली. मी पुराव्याचं विचारलं तेव्हा तुम्ही आढेवेढे घेतले नाहीत. औषधांच्या जोडीला सुया दिल्या तर फायदा दिसतो, पण अभ्यास लहान आहेत, असं सरळ सांगितलंत. होमिओपॅथीच्या गोळ्यांना मात्र स्वच्छ नकार दिलात.

एका गोष्टीसाठी तुमचे विशेष आभार. सासूबाई नारायण तेलाची बाटली घेऊन तुमच्याकडे आल्या होत्या. दुसऱ्या कुणी ती हसण्यावारी नेली असती. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत. आपल्याकडे प्राचीन काळी घोड्यांसाठी शालिहोत्र ऋषींचं आणि हत्तींसाठी पालकाप्य मुनींचं शास्त्र होतं, जनावरांचं वैद्यक या मातीला नवं नाही, हे त्यांना सांगितलंत. मग म्हणालात, “पण आजी, माणूस तेल लावून बसतो, कुत्रा ते चाटतो. पोटात काय जाईल त्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही.” आणि त्यांच्या हाताला दुसरं काम दिलंत: सुरुवातीचा नाजूक काळ सरल्यावर टॉवेलात गुंडाळलेल्या पिशवीनं शेक, आणि मागचे पाय सायकल चालवल्यासारखे हळूहळू हलवणं. सासूबाईंनी ते व्रतासारखं केलं.

घरात आणि पाहुण्यांकडून काय काय सुचवलं जातं त्याची यादीच तुम्ही मागितली होतीत. लसूण घातलेलं तूप नको, कारण लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. माणसांच्या दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या नकोत, मलमंसुद्धा चाटली जातात म्हणून नकोत. (जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ साली आपल्याकडे बंद झालं ते गिधाडं मेली म्हणून, हेही तेव्हाच ऐकलं. औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. एका प्राण्याचं औषध दुसऱ्याचं विष कसं होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.) हळदीच्या कॅप्सूलसुद्धा विचारल्याशिवाय नाहीत, कारण शस्त्रक्रियेची वेळ आली तर रक्त गोठण्याचा प्रश्न. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य आमच्या घरातून त्या दिवसापासून गेलं.

हे पत्र वाचणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ॲक्युपंक्चर, आयुर्वेद, फिजिओथेरपी जे काही करायचं ते जरूर करा, पण करणाऱ्याकडे आधी पशुवैद्यकाची पदवी आणि राज्याच्या पशुवैद्यक परिषदेची नोंदणी आहे ना ते बघा. आणि चालू असलेली औषधं बंद करायला सांगणाऱ्यापासून लांब राहा. मॅडमनी आमच्या आधीच्या डॉक्टरांची एक गोळीही त्यांच्याशी बोलल्याशिवाय बदलली नाही.

मॅडम, चिंगी आता चालते. वळताना मागचा डावा पाय थोडा फाकतो, आणि तो तसाच राहील असं तुम्ही सांगितलंच होतं. फरशीवर घसरू नये म्हणून घरभर रबरी चटया घातल्यात, गळ्यातला पट्टा जाऊन छातीचा आलाय, आणि वजन तुम्ही ठरवून दिलेल्या रेघेच्या खाली आहे. शेवटचं हे खास तुमच्यासाठी लिहिलंय.

तुमचे फार फार आभार.

आपली,
चिंगीची आई, आणि घरातले सगळे