सगळ्यांना २८ देता येतात, पहिला नंबर नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीच्या गुणांना इंजिनिअरिंगच्या प्रवेशात वजन द्या, अशी मागणी दर मे-जूनमध्ये कुणी ना कुणी करतं. मीही करत आलो. आज माझी मागणी थोडी वेगळी आहे, पण आधी एक कबुली देतो.

आटपाडीत मी ३१ वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. बारावीला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. शेवटची दहाएक वर्षं त्या ३० पैकी मी जवळजवळ सगळ्यांना २८ दिले. मीटर ब्रिज या विजेचा रोध मोजायच्या साध्या उपकरणाच्या तारेवर जॉकी, म्हणजे टेकवायची कांडी, कुठं टेकवायची हे ठाऊक नसलेल्या पोरालासुद्धा. बाहेरून आलेले परीक्षक हरकत घेत नसत, आणि त्यांच्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेलो की मीही घेत नसे. तो पोरगा आमच्या हजेरीपटावर नाव ठेवून लातूरला क्लासला असायचा. जानेवारीत यायचा, दोन रात्री जागून कुणाचं तरी जर्नल उतरवून काढायचा. त्याला १५ देऊन मी काय साधणार होतो? इंजिनिअरिंगला बारावीच्या पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५ टक्के लागतात, राखीव गटाला ४०. तेवढे पडले की पुढचं सगळं सीईटीवर : १५० प्रश्न, २०० गुण, तीन तास. बारावीची गुणपत्रिका दारात दाखवायची आणि खिशात ठेवायची. २०१८ मध्ये शासनानं बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तरी आमची बाकं काही भरली नाहीत.

तेव्हा ‘बारावीचे गुण धरा’ एवढं म्हणून भागणार नाही, कारण गुण देणारे आम्हीच. २०२१ मध्ये कोविडमुळं परीक्षा रद्द झाल्या आणि निकाल शाळा-कॉलेजांच्या मूल्यमापनावर लागला. बारावी ९९.६३ टक्के, दहावी ९९.९५ टक्के! देशपातळीवर जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत २०१३ पासून चार वर्षं बारावीला ४० टक्के वजन होतं; २०१७ ला तेही गेलं.

आता वेगळं काय ते. गेल्या हिवाळ्यात मी लेकीकडं टेक्सासात होतो, ऑस्टिनजवळ. नातू बारावीत. घरात दुसरा विषय नव्हता : रँक. तिकडं १९९७ पासून कायदा आहे. शाळा कुठलीही असो, शहरातली, मेक्सिकोच्या सीमेवरची किंवा रानातली, तिथल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. आदल्या वर्षी कोर्टानं प्रवेशात वंश बघायला मनाई केली होती, त्यावर आमदारांनी काढलेली ही वाट. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठाकडं गर्दी इतकी, की तिथली मर्यादा खाली येत येत सहा टक्क्यांवर आली आणि २०२६ च्या प्रवेशासाठी पाचवर. नातवाच्या शाळेत बारावीला सगळी मिळून ५०० मुलं. याचा नंबर २८. सहा टक्के असते तर तिसाव्यापर्यंत गेलं असतं, पाच टक्क्यांत पंचविसावरच दार बंद. निबंध, सॅट ही तिकडची प्रवेश परीक्षा वगैरेंवर अर्ज करता येतो, पण हमी नाही. या नंबरापायी त्यानं नववीनंतर शाळेतला व्हायोलिनचा तासही सोडला होता, कारण त्या तासाचे गुण अवघड विषयांइतके जड धरत नाहीत. ते मला बिलकूल आवडलं नाही.

लेक चिडलेली. म्हणाली, “आण्णा, सीमेवरच्या कुठल्यातरी शाळेत हा पहिला आला असता. तिकडच्यांना सीट, आणि याला नाही.”

मी म्हटलं, “बाई, तू कुठल्या शाळेतली?”

ती गप्प झाली. १९९६ ला ती बारावी झाली तेव्हा इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होता. क्लासचं तोंड न बघता आटपाडीतून सांगलीला गेली. आज तिच्याइतकीच हुशार असलेली आमच्या गावची पोरगी सीईटीला अशा मुलांशेजारी बसते, ज्यांनी दोन वर्षं सराव परीक्षांशिवाय दुसरं काही केलेलं नसतं. तिला ८८ पर्सेंटाइल पडले तर यादीत ती फक्त ८८. घरी टँकरची वाट बघत तिनं अभ्यास केला, हे त्या आकड्यात कुठं लिहिलेलं नसतं. आमच्या कॉलेजात मात्र ती पहिली असते.

म्हणून माझं म्हणणं : शासकीय इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या काही जागा प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयातल्या पहिल्या काही मुलांसाठी ठेवा. नंबर बोर्डाच्या लेखी परीक्षेवर काढा, आमच्या २८ वर नको. सीईटीची एक किमान रेषाही ठेवा हवी तर. लेखीतही कॉपी होते म्हणाल, तर होते. मी डोळ्यांनी बघितली आहे. पण सगळ्या वर्गानं कॉपी केली तरी नंबर एकमेकांतच लागतो. २८ मी साठ जणांना वाटले, पहिला नंबर साठ जणांना कसा वाटणार?

माझे जुने सहकारी म्हणतात, सर, असं झालं तर पुण्या-मुंबईचे पालक नंबरासाठी पोरं आटपाडीला आणून घालतील. दोन्ही वर्षं हजेरीची अट घाला, आणि येऊ द्या की त्यांना. प्रयोगशाळेत मीटर ब्रिज चार आहेत, जॉकीसुद्धा शाबूत आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
आटपाडी, जि. सांगली