ती विषबाधा नव्हती, मुली उपाशी होत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल मंगळवारच्या अंकात तिसऱ्या पानावर शाळकरी मुलींना लोहाच्या गोळ्यांतून विषबाधा झाल्याची बातमी चार कॉलमांत आली आहे. ती वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. मी पाटण तालुक्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे, या कामाला २१ वर्षं झाली. बातमीतली शाळा माझ्या हद्दीत नाही, त्यामुळे स्वतःला वाचवायला हे लिहितेय असं कृपया समजू नये. पण आज सकाळी सात वाजायच्या आत माझ्या हद्दीतल्या दोन आयांचे फोन आले. "सिस्टर, पेपरात आलंय. आमच्या पोरीला ती निळी गोळी देऊ नगा." दुपारपर्यंत आणखी तिघी उपकेंद्राच्या पायरीवर येऊन तेच सांगून गेल्या.

बातमीतल्या शाळेकडच्या माझ्या सहकारी सिस्टरशी मी काल रात्री बोलले. परवा श्रावणी सोमवार होता. शाळा अर्धा दिवस. निम्म्या मुलींचे उपवास, त्यामुळे खिचडी शिजलीच नव्हती. सकाळी घरून चहा पिऊन आलेल्या मुलींना दहाच्या सुमारास गोळ्या दिल्या. सहावीपासून पुढच्या मुलींच्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ते रिकाम्या पोटी गेलं की मळमळतं, पोटात ढवळतं. एकीला उलटी झाली, ती बघून बाकीच्या घाबरल्या. उपाशीपोटी गोळी देणं ही चूकच आहे आणि ती चूक आमच्या व्यवस्थेची आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करते. किती मुलींना गोळी दिली, तो सोमवारचा आकडा सोमवारीच वर गेला पाहिजे, असा तगादा असतो. शिक्षक बिचारे रजिस्टर पुरं करायच्या नादात गोळी वाटून मोकळे होतात. त्या दिवशी ती मंगळवारवर ढकलायला हवी होती. पण याला विषबाधा म्हणत नाहीत. तुमच्याच बातमीच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय की सगळ्या मुलींना संध्याकाळी घरी सोडलं. ती शेवटची ओळ किती जणांनी वाचली असेल? आमच्याकडे एसटीच्या थांब्यावर एक पेपर दहा जणांत फिरतो आणि लोक फक्त मोठी अक्षरं वाचतात.

मोठ्या अक्षरांनी काय होतं ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या खोऱ्यात अशीच एक आवई उठली होती, या गोळ्यांनी पुढं मुलं होत नाहीत म्हणून. एका वाडीतल्या आईनं सहावीतल्या लेकीला बजावलं, गोळी दिली तर तोंडात धर आणि बाहेर जाऊन थुंक. वडील वाशीच्या बाजारात माथाडी, आई दिवसभर भांगलणीला. पोरगी शहाणी, आईचं ऐकायची. वर्षभर दर आठवड्याला गोळी थुंकत राहिली, आणि माझ्या रजिस्टरला तिच्या नावापुढं बरोबरची खूण होत राहिली.

पुढच्या वर्षी मी शाळेत गेले तेव्हा सगळी मुलं मैदानात होती आणि ही व्हरांड्यात खांबाला टेकून बसलेली. हाक मारली तर चटकन तोंड पुसलं. ओठांच्या कडेला पांढरी पूड लागलेली. पाटीवरची पेन्सिल खात होती! दप्तर उघडलं तर कंपासपेटीत पेन्सिलींचे तुकडे, एक खडू आणि भिंतीच्या पोपड्यांची पुडी. अंगात लोह कमी पडलं की मुलांना माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटते. घरचे त्याला खोड म्हणतात आणि हातावर फटका देतात. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली, आत लाली नावाला नव्हती. बोट टोचून रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ५.९ आलं. तिच्या वयाला १२ असायला हवं, आणि आठच्या खाली गेलं की दवाखान्यात न्यावंच लागतं. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या बोटाचं घेतलं. पुन्हा तेच.

त्याच दिवशी तिला आणि तिच्या आईला घेऊन मी कराडच्या गाडीत बसले, तिथून सातारच्या सिव्हिलला. रक्त चढवावं लागलं. रात्री वॉर्डात बाटलीकडं बघत आई मला विचारत होती, "सिस्टर, हिचं रगत गेलं कुठं?" तिला सांगायला मला अर्धी रात्र लागली. अनवाणी रानात फिरून पोटात गेलेले जंत रक्त पितात, पाळी सुरू झालेली, जेवणावर लगेच चहा, त्यानं भाकरी-भाजीतलं लोहही अंगी लागत नाही. आणि आठवड्याची ती एक गोळी, तीही थुंकलेली. ती माउली माझा हात धरून रडली. पोरगी बरी झाली, गोळ्या नेमानं घेतल्या. पण त्या दीड वर्षात वर्गात तिचं लक्षच लागत नव्हतं. गणित कच्चं राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर मी एक नियम केला. गोळी मुलींच्या समोर आधी मी घेते, मग वर्गशिक्षिका घेतात, मग मुली. खिचडी खाऊन झाल्यावर, आणि तिथंच घोटभर नव्हे, पेलाभर पाण्याबरोबर. शी काळी झाली तर घाबरू नका, हे आधीच सांगते. एवढं केलं की फारशी कुणाला मळमळत नाही.

पाण्याचं निघालंच आहे तर तेही लिहिते. आमच्या कितीतरी मुली शाळेत पाणीच पीत नाहीत. कारण शौचालयाला कुलूप, किल्ली ऑफिसात, आणि किल्ली मागायला सरांकडं जायचं. सातवी-आठवीतली मुलगी जाईल का? सकाळी नऊला घर सोडलेली पोरगी संध्याकाळी पाचपर्यंत तशीच बसते. मग लघवीची जळजळ, ताप, पाळीच्या दिवसांत तर शाळाच बुडवायची. मी दर भेटीत हे लिहून देते. यावर तुमच्या वार्ताहरानं कधी चार ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही. त्या कुलपाचा फोटो छापा ना.

फोटोवरून आठवलं, सलाईन लावलेल्या त्या मुलीचा चेहरा तुम्ही तसाच छापला आहे. तिच्या आईला विचारलं होतं का? ती पोर आता शाळेत कोणत्या तोंडानं जाईल, याचा विचार व्हायला हवा होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. दहात सहा. माझ्या शाळांच्या वर्गात उभं राहिलं की मला हा आकडा बाकांवर बसलेला दिसतो. या मुलींपर्यंत लोह पोहोचवायला आमच्या हातात खिचडी, पालेभाजी, जंताची गोळी आणि ही निळी गोळी एवढंच आहे, आणि आईचा विश्वास. तो विश्वास मिळवायला मला एकेका घरी पाच-पाच खेपा घालाव्या लागल्या आहेत, भर पावसात, साकव ओलांडून.

येता सोमवारही श्रावणातलाच आहे. म्हणून माझ्या शाळांत गोळ्या मंगळवारी, खिचडीनंतर द्यायच्या असं मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलंय. त्याच्या आत, म्हणजे रविवारच्या अंकात, त्या मुलींना काय झालं होतं आणि का झालं होतं ते छापावं, ही हात जोडून विनंती. त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

आपली,
एक आरोग्यसेविका
ता. पाटण, जि. सातारा

(सरकारी नोकरीत असल्यानं नाव छापू नये.)