ताईची सही

सावईवेरे, फोंडा
श्रावणातला दुसरा रविवार

चि. बाबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री दुबईहून तुझा फोन आला तेव्हा "बघू" एवढंच म्हणून मी फोन तुझ्या आईकडे दिला. तू तो होकार समजला असशील. तो होकार नव्हता. मला त्या क्षणी शब्द सुचले नाहीत, आणि जे सांगायचंय ते फोनवर सांगण्यासारखंही नाही. दोन दिवस पाऊस हटलेला नाही, सुपारीवरची फवारणी खोळंबली आहे, तेव्हा बसून लिहितो.

तू म्हणालास, "ताईची एक सही घेऊन ठेवू, पुढे कटकट नको. ती काही नाही म्हणायची नाही." ती नाही म्हणायची नाही हे मलाही माहीत आहे. म्हणून तर झोप उडाली.

आधी कायद्याचं सांगतो. मी आणि तुझी आई जिवंत आहोत तोवर ताईला आमच्या वारशावरचा हक्क सोडताच येत नाही. जिवंत माणसाच्या वारशाचा त्याग कुणाला करता येत नाही, असं पोर्तुगीज सिव्हिल कोडमध्येच स्पष्ट लिहिलेलं आहे. तो कोड १८६७ चा. गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाला, आणि १९६१ ला पोर्तुगीज गेले तरी आपल्या घरादाराचा, लग्नाचा, वारशाचा कायदा तोच राहिला. वारशाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आला, पण गाभा बदलला नाही. मुलगा असो की मुलगी, वाटा सारखा. आईबापाने मृत्युपत्र केलं तरी निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव, ती एकाच मुलाच्या घशात घालता येत नाही. उरलेल्या भारतात वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळायला २००५ उजाडलं. हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं होतं. आपल्या मुलींना समान वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर मिळालेला होता.

कागदावर म्हणतो, कारण तो वाटा आपणच परत घेतो, गोड बोलून. मी घेतला आहे.

१९९५ मध्ये तुझे आजोबा गेले, तेव्हा तू नुकता चालायला लागला होतास. पुढच्या वर्षी मी आत्याला डिचोलीहून फोंड्याला बोलावून घेतलं. भावोजी बरोबर होते, कारण आपल्याकडे लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता एक धरतात आणि हक्कसोडीला दोघांच्याही सह्या लागतात. दस्त इंग्रजीत टाइप केलेला होता. आत्या मराठी सातवीपर्यंत शिकलेली. तिने पहिल्या पानावर बोट ठेवून विचारलं, "भाऊ, यात काय लिहिलंय?" मी म्हटलं, "काही नाही गो, नेहमीचंच असतं. कर सही." तिने पदराने हात पुसले. घाम आला होता की सवय, मला सांगता येणार नाही. मग एकेक अक्षर जोडत तिने पाच ठिकाणी सह्या केल्या. सासरचं आडनाव लिहिताना ती एकदा थांबली, चुकून माहेरचं लिहायला लागली होती. ते खोडून वर पुन्हा लिहावं लागलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "विहिरीकडच्या मानकुरादाचे आंबे मात्र पाठवशील हां दर वर्षी." मी हो म्हटलं, आणि पाठवलेही. आंबे पाठवतो म्हणून मला कित्येक वर्षं मी चांगला भाऊ वाटत होतो.

बाबू, मी तिच्याशी खोटं बोललो. "नेहमीचंच असतं" हे खोटं होतं. त्या दस्ताने कुळागराचा, या नारळी-पोफळीच्या बागेचा, अर्धा भाग तिच्या हातून गेला, आणि काय गेलं हे तिला कुणी वाचूनसुद्धा दाखवलं नाही.

२००९ मध्ये भावोजी वारले. त्या वर्षी गणेशचवथीच्या आदल्या दिवशी मी गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधत होतो, कांगल्या, घागऱ्या, आटकं ही रानफळं खाली सुपात काढून ठेवली होती. पाहतो तर आत्या दारात उभी. हातात कापडी पिशवी. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "दोन दिवस राहू का रे?" ज्या घरात तिचा जन्म झाला, ज्या विहिरीचं पाणी तिने लग्न होईपर्यंत ओढलं, त्या घराच्या दारात ती परवानगी मागत होती. माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. तुझ्या आईने पुढे होऊन पिशवी घेतली. तो प्रश्न तिच्या तोंडी मीच घातला होता, तेरा वर्षांपूर्वी, फोंड्याला.

बहिणी सही का करतात याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांना कळत नाही म्हणून नव्हे. माहेर तुटू नये म्हणून करतात. वाटा मागितला तर भाऊ बोलणार नाही, वहिनी दार उघडणार नाही, चवथीचं वजें, ती माहेरची भेट, यायचं बंद होईल, आईच्या आजारपणात आपल्याला कळवणारही नाहीत, ही भीती प्रत्येकीच्या पोटात असते. येण्याजाण्याच्या हक्कासाठी ती जमीन देते. आणि जमीन दिल्यावर तो येण्याजाण्याचा हक्कही हक्क राहत नाही, आपली मेहेरबानी होते. राजस्थानात याला हकत्याग म्हणतात, तिथे ती रीतच झाली आहे.

तू फोनवर म्हणालास की तुझ्या खोलीतल्या लाहोरच्या मुलाकडे बहिणींचं काय होतं ते ऐकलं की आपण बरे वाटतो. असं म्हणू नकोस. पाकिस्तानला २०११ मध्ये बाईला वारशापासून दूर ठेवणं हा तुरुंगात घालण्याजोगा गुन्हा ठरवावा लागला, कारण तिथले भाऊ तेच करत होते जे मी केलं. धर्मात मुलीचा वाटा लिहिलेला, आणि घरात तो सोडायला लावलेला. बांगलादेशात तर आपल्याच धर्माच्या मुलीला बापाच्या मिळकतीत भावाच्या बरोबरीने वाटा नाही. देव वेगळे, भाषा वेगळ्या, बहिणीपुढे सरकवलेला कागद तोच. दुसऱ्याची बहीण मोजून आपली झाकू नये.

आणि आपला कायदा फार सोज्वळ आहे असंही मनात आणू नकोस. १८८० मध्ये गोव्यातल्या हिंदूंच्या रीतिरिवाजांचा जो हुकूम निघाला, त्यात बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसरी करायची मुभा होती. मुलगा झाला नाही म्हणून! एकीकडे मुलीला समान वाटा देणारा कायदा, आणि दुसरीकडे मुलीची आई म्हणजे उणी बाई असं मानणारं कलम, दोन्ही एकाच राजवटीत.

आपल्या घरातही असंच होतं. बैठकीच्या खोलीत गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची तसबीर होती, अजून आहे. १९७३ मध्ये ते गेल्यावर शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, तेव्हा तुझ्या आजोबांनी आळीत पेढे वाटले. "बापाची गादी लेकीने सांभाळली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत. त्यानंतर गोव्याला आजवर दुसरी बाई मुख्यमंत्री मिळाली नाही. त्याच आजोबांनी मला बजावलं होतं, "पोरीला काय ते लग्नात द्यायचं. मुलगी म्हणजे परक्याचं धन." पेढे वाटणारा आणि हे सांगणारा माणूस एकच. मी दोन्ही ऐकलं आणि सोयीचं तेवढं पाळलं.

तुझं दुसरं म्हणणं, ताईच्या लग्नात खर्च झाला, सोनं घातलं. झाला, घातलं. आठ तोळे. मग तुझ्या इंजिनिअरिंगची चार वर्षं, बेळगावची खोली, दुबईचं पहिलं तिकीट आणि एजंटचे पैसे कुणाच्या वहीत लिहायचे? ते मी कुठे मांडूनच ठेवले नाहीत. मुलावरचा खर्च म्हणजे घरचा खर्च, मुलीवरचा म्हणजे वाटणीतून वजा, हा हिशोब कुणी शिकवला नाही आपल्याला, आपण तो दुधाबरोबरच प्यायलो.

ताई गेली तीन वर्षं म्हापशाहून दर पंधरवड्याला बस बदलत येते, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, माझ्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावून ठेवते. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, वाट्याचं कारण म्हणून नव्हे. तिने काहीच केलं नसतं, वर्षातून एकदा फक्त चवथीला आली असती, तरी तिचा वाटा तिचाच होता. सेवा केली तर वाटा, असं तुझ्याबाबतीत कुणी म्हणत नाही.

तुझ्यावर मी रागावलेलो नाही. तू जे बोललास ते माझ्याच घरात ऐकून मोठा झालास. तुझी काळजी वेगळी आहे हेही समजतं. कुळागराचे तुकडे पडले की पाण्याची वाट, नारळ पाडणाऱ्या पाडेलीची मजुरी, सगळं अवघड होतं, हे खरं आहे. त्याला उपाय आहेत. एकत्र कसायचं आणि उत्पन्न वाटायचं. तू घेऊ म्हणालास तर तिच्या वाट्याची बाजारभावाने रक्कम द्यायची, दर किती ते दोघांनी बसून ठरवायचं. ती स्वखुशीने तुला काही देणार असेल तर तो तिचा निर्णय, पण आमच्या पश्चात, सगळं कळून, आणि तू न मागता.

आत्याचं मी तुझ्या आईशी बोललो. विहिरीकडचा तुकडा, मानकुरादासकट, आत्याच्या नावावर करून द्यायचा असं मनात आहे. आमच्या दोघांच्या मालमत्तेत आई अर्ध्याची मालकीण, तिच्या संमतीशिवाय मला एक नारळाचं झाडही कुणाला देता येत नाही. मी विचारलं तेव्हा ती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "माझी सही लागते म्हणून विचारताय, की माझं मत हवंय?" मी म्हटलं, मत. खूप वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं." १९९६ मध्ये मी तिला विचारलंच नव्हतं.

चवथीला तू येशील तेव्हा ताईही असेल, आत्यालाही बोलावलं आहे. सहीचा विषय तू ताईकडे काढला नसशील तर काढू नकोस. काढला असशील तर हे पत्र मिळाल्याबरोबर तिला फोन कर आणि ते शब्द मागे घे.

आत्याच्या बक्षीसपत्राचा मसुदा तयार होतो आहे. स्वीकारल्याबद्दल तिलाही त्यावर सही करावी लागेल. तो मराठीत उतरवून घेतला आहे. कचेरीत जाण्याआधी ओसरीवर बसून मी तिला तो पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे, आणि ती विचारील तिथे थांबणार आहे.

तब्येतीला जप. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा,
बाबा